प्रेक्षक क्रमांक तीन

"आधी ते दार रुळावर बसवून घ्या म्हणावं," धाकटे मिस्त्री म्हणाले. "चाकं झिजलीत. भूतबीत काही नाही."

"काका, शू!" लेक म्हणाली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

रविवारी सकाळचे दहा वाजले होते. भुतांना ही वेळ गैरसोयीची असते, म्हणून खोलीचे पडदे ओढून त्यांना कपड्यांचे चिमटे लावले होते. टीव्हीवर जपानी सिनेमा चालू होता. एक कागदी दार आपोआप सरकत होतं, बोटभर उघडत होतं आणि थांबत होतं. त्यापलीकडे गेला अर्धा तास काहीच घडलं नव्हतं. मिस्त्रींची बायको मांडीवर परात घेऊन मटार सोलत होती. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कापड बेतायचं काम करी, त्यामुळे तिचे हात सुटीच्या दिवशीही रिकामे राहत नसत.

लेक कॉलेजात सिनेमाचा अभ्यास करत होती. तिच्या सरांनी काम दिलं होतं : भुताचा एक जपानी सिनेमा घ्यायचा, तोच अमेरिकेत पुन्हा काढलेला घ्यायचा, आणि दोन्ही तीन सामान्य प्रेक्षकांना दाखवून तुलना लिहायची. सामान्य प्रेक्षक शोधायला फार लांब जावं लागलं नाही. क्रमांक एक आई. क्रमांक दोन लेकीची मैत्रीण. ती भीतीने आलीच नाही. क्रमांक तीन मिस्त्री. दोन नंबर मोकळा पडला तेव्हा आपण वर सरकू, असं मिस्त्रींना वाटलं होतं. पण वहीत नंबर आधीच पडले होते.

मिस्त्रींना या प्रकाराची सवय होती. ते लिफ्टचे मिस्त्री. वय एक्कावन्न. तरी कंपनीत आणि कंपनीकडच्या चौतीस इमारतींत त्यांना 'धाकटे' म्हणत, कारण 'थोरले मिस्त्री' दुसरे होते. दोघांचं काही नातं नव्हतं. थोरले सोळा वर्षं त्यांच्याबरोबर जोडीने मोठी कामं करत होते, महिन्याची तपासणी मात्र एकटेच करत, आणि सहा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी कामावर असतानाच हृदय बंद पडून गेले. जागा रिकामी झाली, तरी धाकटे धाकटेच राहिले.

त्यानंतर कंपनीचे काही कागद सह्यांसाठी थोरल्यांच्या घरी न्यायचे होते. कागद सतरा होते. धाकट्यांनी ते एकेक करून नेले. सतराव्या कागदापर्यंत दोन वर्षं गेली, आणि अठरावा कागद लग्नाच्या नोंदणीचा होता. तर ही बायको थोरल्यांची, ही लेक थोरल्यांची, आणि मिस्त्री या क्षणी ज्या खुर्चीत बसून जपानी दाराला नावं ठेवत होते ती खुर्चीही थोरल्यांचीच.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका विधुराच्या घरात दुसरी बायको येते. पहिली अचानक वारलेली असते. रोज संध्याकाळी दाराशी एक ओली छत्री उभी दिसते, बाहेर ऊन असतानासुद्धा. माडीवर कुणीतरी चालतं. नवरा एकदा वर बघतो आणि जेवत राहतो. दुसरी विचारत नाही, तो सांगत नाही. मिस्त्री या दुसरीकडे फार लक्ष देऊन बघत होते. तिने पहिलीचा कंगवा फणीपेटीत सापडल्यावर तो जागच्या जागी ठेवला, तेव्हा ते पुटपुटले, "फेकून दे, फेकून दे." तिने फेकला नाही.

शेवटी ती चहाला बसते. दोन कप मांडते. थांबते. मग तिसरा मांडते. माडीवरची पावलं जिना उतरू लागतात, आणि सिनेमा संपतो.

"संपला?" मिस्त्री म्हणाले. "अहो, पण भूत कुठं घालवलं त्यांनी?"

"तेच तर काका. जपानी लोक भूत घालवत नाहीत. ते असतं, बस्स."

"असतं म्हणजे? तक्रार आली, माणूस गेला, दोन तास बसला आणि 'असतं' म्हणून परत आला? आमच्याकडे असं केलं तर साहेब घरी बसवतील."

लेक हसत लिहीत होती. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिचा हात परातीत तसाच थांबला होता. अर्धी उघडलेली शेंग बोटांत होती.

"आई, तुझं मत?"

"बरा होता," ती म्हणाली. आणि मग, विचारलं नव्हतं तरी, "काही न कळता गेली बिचारी पहिली. तेवढं एक बरं. ह्यांचंही तसंच झालं. दुखलं नाही, खुपलं नाही. आधी काही झालं असतं तर मला सांगितलं असतं त्यांनी. सगळं सांगायचे मला."

हे वाक्य मिस्त्रींनी चार वर्षांत किती वेळा ऐकलं याची मोजदाद नव्हती. 'सगळं सांगायचे मला.' स्वतः मिस्त्री घुमे. आल्यावर बूट काढत, हातपाय धूत आणि जेवत. ते वाक्य आलं की ते हाताला लागेल ते खात. आज त्यांनी दोनचार कच्चे मटार तोंडात टाकले.

दुपारी अमेरिकन सिनेमा लागला, आणि मिस्त्री खुलले.

इथे घर तिप्पट मोठं होतं, त्यामुळे भुतालाही फिरायला जागा होती. दारं सरकत नव्हती, आदळत होती. छत्री होतीच, पण ती नुसती उभी न राहता फाडकन उघडे. दुसरी बायको प्रश्न विचारत होती, आणि नवरा उत्तरं देत होता. मग एक प्राध्यापक आला. त्याच्याकडे सुई हलणारं एक यंत्र होतं. यंत्र दिसताच मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले.

"आता कसं! आधी मोजून घ्यायला पाहिजे."

मोजल्यावर कळलं की पहिलीला तिच्या दिरानेच ढकलून मारलेलं होतं आणि ती तळघरातल्या बॉयलरमागे पुरलेली होती. कारण सापडलं! बॉयलर फुटला, भूत किंचाळलं, घराने पेट घेतला. मिस्त्रींनी चक्क टाळ्या वाजवल्या. नवराबायको गाडीत बसून निघाले. गाडीच्या मागच्या सीटवर ओली छत्री पडलेली दाखवून सिनेमा संपला.

"ते पुढच्या भागासाठी," लेक म्हणाली. "तर काका, कुठला आवडला? आणि का?"

"हा. काम पुरं केलं त्यांनी. फॉल्ट शोधला, जाळून टाकला. नव्या बाईला घर मोकळं करून दिलं."

"घर जळालं पण."

"दुसरं घेतील. मोठी माणसं आहेत."

बायको मधूनच उठून वाळलेले कपडे काढायला गेली होती. आता ती घड्या घालत दारात उभी होती.

"तुम्हाला तिचं काहीच वाटलं नाही?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"पहिलीचं."

"अगं, ती मेलेली होती."

"म्हणूनच विचारते."

"म्हणजे मेलेल्याचं सगळं बरोबर, आणि दुसरी दिवसभर त्या घरात राबते, तिचं काय? तिला कुणी विचारलं? तिनं किती दिवस तीन कप विसळायचे?"

लेकीचं पेन थांबलं. बायकोने हातातल्या शर्टाची घडी मोडली आणि परत घातली.

"कप तुम्ही कधीपासून विसळायला लागलात?" ती म्हणाली, आणि आत गेली.

सोमवारी सकाळी मिस्त्री एका सहामजली इमारतीच्या मशीनरूममध्ये उभे होते. मशीनरूम गच्चीवर असते, आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला गच्चीवर जिन्यानेच जावं लागतं. कारण लिफ्ट बंद करून ठेवलेली असते.

या इमारतीची लिफ्ट कुणी बोलावलं नसताना चौथ्या मजल्यावर थांबे. दार उघडे. आत कुणी नसे, बाहेर कुणी नसे. दार मिटे. लिफ्ट आपल्या वाटेने जाई. धोका काही नव्हता, पण चौथ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत होत्या, आणि त्या फोन करत. गेल्या चार महिन्यांत मिस्त्रींनी चौथ्या मजल्याचं बटण बदललं होतं, सेन्सर बदलला होता, रिले बदलला होता, आणि तीन वेळा वायर नवी ओढली होती. दर वेळी बाई म्हणत, "थोरल्यांच्या वेळी असं नव्हतं हो." हे ऐकून परत येताना मिस्त्री जिन्याच्या पायऱ्याही जोरात उतरत.

आज काम निराळं होतं. कंपनीने मशीनरूममधली, दर महिन्याच्या तपासणीची नोंद करायची सर्व्हिस कार्डं बंद केली होती. आता भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी स्टिकर लावायचं आणि मोबाईलवर नोंद करायची. जुनी कार्डं काढून उद्या ऑफिसात जमा करायची, तिथून ती रद्दीत जाणार होती.

मिस्त्रींनी खिळ्यावरून स्वतःचं कार्ड काढलं. त्याच्या खाली थोरल्यांची कार्डं होती, एकावर एक दोऱ्याने शिवलेली. सहा वर्षांपूर्वी, थोरल्यांची जागा घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, त्यांनी चौतीसही इमारतींत थोरल्यांच्या कार्डावर आपलं कोरं कार्ड अडकवलं होतं, आणि खालचं एकही कधी वाचलं नव्हतं. मागच्या मिस्त्रीचं कार्ड न वाचता काम करणारा मिस्त्री हा दुसऱ्या डॉक्टरचे कागद फेकून देणाऱ्या डॉक्टरसारखा असतो. पण डॉक्टरला ते जड जात नाही आणि मिस्त्रींनाही गेलं नव्हतं.

आज काढायचीच होती म्हणून नजर पडली. थोरल्यांचं अक्षर जिथे तिथे सारखं, सरळ, शाळेच्या फळ्यावर असतं तसं.

'चौथा मजला. न बोलावता थांबते. कारण सापडलं नाही.'

मिस्त्रींनी पान उलटलं. पुढचा महिना. 'चौथा मजला. बटण बदललं. कारण सापडलं नाही.' त्याच्या पुढचा. 'सेन्सर बदलला. कारण सापडलं नाही.' अकरा वर्षं! दर महिन्याला! मिस्त्री तिथेच मोटरच्या चौथऱ्यावर बसले आणि दुसऱ्याला आलेलं पत्र चवीने वाचावं तसं वाचू लागले. थोरल्यांना जमलं नव्हतं. थोरल्यांना! त्यांना इतका आनंद अमेरिकन बॉयलर फुटला तेव्हाही झाला नव्हता.

खाली येऊन त्यांनी चौथ्या मजल्याची बेल वाजवली.

"बाई, एक विचारू? थोरल्यांनी तुमच्या लिफ्टची दुरुस्ती काय केली होती?"

"दुरुस्ती?" बाईंनी चष्मा वर केला. "काही नाही. एकदा येऊन म्हणाले, बाई, मला सापडत नाही. राहू द्या. तिला इथं थांबावंसं वाटतं. मला हसू आलं. मी म्हटलं, राहू दे."

"म्हणजे त्यांच्या वेळीही थांबायची?"

"थांबायची की. रोज."

"मग तुम्ही मलाच का फोन करता दर महिन्याला?"

"चार महिन्यांपूर्वी तुम्हीच बघितलंत आणि म्हणालात, करून देतो. तेव्हापासून दर वेळी सांगता, या खेपेला नक्की झालं. मग थांबली की कळवायला नको?" बाई म्हणाल्या. "ते काही नक्की म्हणाले नव्हते. चहा घेणार का, धाकटे?"

धाकट्यांनी चहा घेतला नाही.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कार्डं पिशवीत डब्याच्या खाली होती. जेवण झाल्यावर ती काढून टेबलावर ठेवायची, असं मिस्त्रींनी ठरवलं. टोमणा मारायचा नाही. नुसतं म्हणायचं, 'हे सापडलं.' ती वाचेल. सगळं सांगायचे ना तुला? मग हे कधी सांगितलं? अकरा वर्षं कारण सापडत नव्हतं, हे सांगितलं? मनातल्या मनात त्यांनी हा प्रसंग तीनदा केला, आणि तिन्ही वेळा बायको निरुत्तर झाली. तिसऱ्या वेळी लेकही होती.

चौथ्यांदा करण्याआधी, मजा पुरवून घ्यावी म्हणून, त्यांनी कार्डं बाहेर काढली आणि अगदी शेवटचं वाचलं.

कार्डाला उजवीकडे एक अरुंद रकाना असे : 'जास्त वेळ लागल्यास कारण'. हा रकाना कुणीच भरत नाही. थोरले भरत. साध्या माणसाला रकाना दिसला की तो भरतो.

तारीख मंगळवारची होती. थोरले गेले त्याच आठवड्याच्या शुक्रवारी.

'पाऊण तास जास्त. जिना चढताना दोनदा बसावं लागलं. डावा हात जड. मागच्या सोमवारपासून आहे. घरी बोललो नाही. बोललो तर ती रडेल आणि कामावर सोडणार नाही.'

बस दोन थांबे पुढे गेली. मिस्त्रींनी परत वाचलं. मग कार्डं पिशवीत ठेवली, वर डबा ठेवला, डब्यावर पक्कड ठेवली, आणि पिशवीची चेन ओढली. अर्ध्यात अडकली. ती त्यांनी जोर लावून पुरी ओढली.

घरी टेबलावर लेकीची वही पसरली होती. बायको खडूने कापडावर रेघा मारत होती.

"काय हो, त्या चौथ्या मजल्याच्या बाईंचं झालं का काम?" तिने मान न वळवता विचारलं.

मिस्त्री बूट काढायला बसले. बूट काढायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"झालं," ते म्हणाले.

"अरे वा! चार महिने चाललं होतं. कसं काय झालं?"

"थोरल्यांच्या जुन्या कार्डावर लिहिलेलं होतं. तसं केलं, झालं."

बायको वळली. कालपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. आता तिचा चेहरा असा उजळला की मिस्त्रींना तिच्याकडे बघवेना. इतका आनंद त्यांनी लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता. त्यांच्या आणि तिच्या लग्नाच्या.

"बघा! मी म्हणत नव्हते? काय लिहिलं होतं?"

"तसलं काही नाही. वायरिंगचं होतं. तुला कळायचं नाही."

"कार्ड कुठंय? आणलंत?"

"नाही."

"नाही म्हणजे? त्यांचं अक्षर होतं ना त्याच्यावर?"

"ऑफिसात जमा करायचा नियम आहे. केलं. रद्दीत गेलं असेल आता."

"रद्दीत?" तिने खडू खाली ठेवला. "अहो, एक कागद मागून घेता आला नाही तुम्हाला? माझ्याकडे त्यांच्या हातचं एक अक्षर नाही. लाँड्रीची चिठ्ठीसुद्धा नाही. कमाल आहे तुमची! ते असते ना, तर दुसऱ्याचं असं कधी फेकलं नसतं त्यांनी."

"चुकलं," मिस्त्री म्हणाले.

"चुकलं म्हणे!"

लेकीने वहीतून डोकं वर काढलं. घरातलं हवामान पाहून विषय बदलायचं काम तिच्याकडे असे.

"काका, उद्या द्यायचंय हे. तुमचं अमेरिकनच ना? 'काम पुरं केलं', असं लिहिलंय मी."

"खोड ते. जपानी लिही."

"का पण? काल तर टाळ्या वाजवल्यात!"

मिस्त्री पायमोज्याची गुंडाळी करत होते.

"घर तरी उभं राहतं त्यात," ते म्हणाले.

"हे छान आहे," लेक म्हणाली, आणि तिने खोडून लिहिलं.

बायकोचा राग हळूहळू निवत होता. थोरल्यांचा विषय निघाला की तिला फार वेळ रागावता येत नसे. ती कापडावरून हात फिरवत लेकीला सांगू लागली, बाबांचं अक्षर कसं होतं, कंपनीत कुणाला अर्ज लिहायचा असला की ते बाबांकडे कसे येत. आणि मग तिथे येऊन थांबली जिथे ती नेहमी थांबे.

"त्या सकाळीही हसत गेले. काही होत असतं तर बोलले असते." ती मिस्त्रींकडे वळली. "तुम्ही तर बरोबर असायचात. तुम्हाला तरी काही जाणवलं होतं?"

हा प्रश्न तिने याआधी कधी विचारला नव्हता.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "आदल्या दिवशी सहा मजले एका दमात चढले. मी मागे राहिलो. मला म्हणाले, धाकटे, तुम्ही म्हातारे झालात."

बायको हसली. डोळे पुसत हसली. "असंच बोलायचे," ती लेकीला म्हणाली, "अगदी असंच." आणि उठून तिने डबा काढायला पिशवीकडे हात नेला.

"राहू दे." मिस्त्रींनी पिशवी आधी उचलली. "डबा मी धुतो."

"तुम्ही?"

"हो. काल बोललीस ना."

पिशवी खांद्याला अडकवूनच ते मोरीपाशी गेले. खांद्यावरची पिशवी दर वेळी पुढे घसरत होती आणि ते ती कोपराने मागे सारत होते. मागे बायको नव्याने ऐकलेली गोष्ट लेकीला सांगत होती, धाकट्यांना थोरले काय म्हणाले ती. आणि दुसऱ्या खेपेला सहाचे आठ मजले झाले होते. डब्याचं झाकण, कडा, तळ, पुन्हा झाकण. डबा केव्हाच स्वच्छ झाला होता. ते पाणी सोडून धूत राहिले.